जत्रेतला राडा, स्टेटसचा तुकडा आणि आमची केस (माझा अनुभव)

देवगड तालुक्यातल्या आमच्या गावच्या जत्रेत गाडी लावण्यावरून राडा झाला आणि एफआयआरमध्ये माझ्या चुलतभावाचं नाव आलं. भारतीय न्याय संहितेचं कलम 118(1), म्हणजे हत्याराने दुखापत. पुरावा काय, तर कुणीतरी स्टेटसला ठेवलेला व्हिडिओचा तुकडा ज्यात भावाच्या हातात दांडका दिसतो, आणि क्रिकेट टीमच्या ग्रुपवरचा त्याचाच मेसेज, "उद्या एकेकाक बघतंय", त्याचा स्क्रीनशॉट. गावात तेवढ्यावर निकाल पण लागून गेला होता.

काका घाबरून म्हणे तो ग्रुपच उडवून टाक. वकील मॅडमनी तिथेच थांबवलं, "काका, आता काय एक उडवलात तर पुरावो नष्ट केल्याचा कलम वर लागात." आणि समोरच्याच्या फोनमध्ये मेसेज राहतोच ना, आपल्याकडचा गेला की आपणच चोर दिसतो.

मग भावाच्या फोनवर तोच मेसेज वर सरकवून बघितला तर त्याच्या आधी सगळी चर्चा दुसऱ्या दिवशीच्या मॅचची, शेजारच्या वाडीच्या बॉलरांना कसं झोडायचं वगैरे. स्क्रीनशॉट काढणाऱ्याने वरचं सगळं कापलेलं. पण मॅडम म्हणाल्या आपण पण नुसता स्क्रीनशॉट दिला तर त्याची किंमत तेवढीच, चॅट एक्स्पोर्ट केलं तरी ती साधी टेक्स्ट फाइल, कोणीही बदलू शकतो, त्यामुळे फोन आहे तसा ठेवायचा, रिसेट नाही, विकायचा नाही. ग्रुपचा अ‍ॅडमिन बिचारा वेगळाच टेन्शनमध्ये, त्याला नागपूर खंडपीठाचा 2021 चा निकाल सांगितला की मेंबरने टाकलेल्या पोस्टसाठी नुसता अ‍ॅडमिन आहे म्हणून गुन्हा लागत नाही, दोघांचा मिळून डाव होता असं दिसायला लागतं, तेव्हा तो जेवला.

खरं काम व्हिडिओचं. मूळ शूटिंग एका चाकरमान्याने केलेलं आणि तो मुंबईला परत गेलेला. फोन केला तर गडी म्हणतो, पाठवतो की व्हॉट्सअ‍ॅपवर! व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवला की व्हिडिओ दाबून लहान होतो, फाइल बदलते, आणि फाइल बदलली की तिची हॅश व्हॅल्यू बदलते. हॅश म्हणजे त्या फाइलचा अंगठाच समजा, SHA256 असेल तर 64 आकडे-अक्षरांची माळ, आत एक कण बदलला तरी माळ दुसरीच. त्यात हा भला माणूस तोच फोन एक्सचेंजमध्ये द्यायच्या बेतात होता. मी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

पूर्ण व्हिडिओत सरळ दिसतं, दांडका दुसऱ्याच्या हातात आहे, भाऊ तो हिसकावून घेतो आणि गडग्यापलीकडे फेकतो. स्टेटसवाल्याने बरोबर हिसकावलं तिथे सुरू करून फेकायच्या आधी तोडलेला.

फोनमधल्या व्हिडिओची कॉपी कोर्टात द्यायची तर सोबत सर्टिफिकेट लागतं. 1 जुलै 2024 पासून पुराव्याच्या जुन्या कायद्यातल्या कलम 65बी च्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 आलंय आणि या सर्टिफिकेटचा फॉर्मच ठरवून दिलाय. भाग अ चाकरमान्याने भरला: फोनची कंपनी, मॉडेल, आयएमईआय (फोनचा ओळख नंबर), हॅश, फोनचा रंग काय हा सुद्धा रकाना आहे. भाग ब एक्सपर्टचा, तिथे पैसे आणि वेळ दोन्ही जातात. जालन्याच्या निवडणुकीवरून गाजलेल्या अर्जुन खोतकर केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 2020 ला सांगितलं होतं की मूळ फोनच मालकाने साक्षीला उभं राहून हजर केला तर सर्टिफिकेट लागत नाही, कॉपी दिली तर लागतंच. तो निकाल जुन्या कायद्यावरचा, म्हणून मॅडमनी दोन्ही तयारी ठेवली. मला ते पटलं.

अटकपूर्व जामीन ओरोसला, जिल्ह्याच्या सेशन्स कोर्टात झाला, त्या टप्प्यावर सर्टिफिकेटचा एवढा काथ्याकूट झाला नाही, पूर्ण व्हिडिओ आहे म्हटल्यावर सरकारी वकिलांचा जोर पण कमी झाला. चार्जशीट आल्यावर तिच्यासोबतचा पेनड्राइव्ह मागून घेतला, त्यात तोच कापलेला तुकडा, आणि तो कुणाच्या फोनमधून घेतला ते कुठेच लिहिलेलं नाही. उलटतपासणी तिथूनच सुरू होणार असं मॅडम म्हणतायत.

चाकरमान्याने नवीन फोन घेतला, जुना कपाटात ठेवलाय आणि भेटेल त्याला ऐकवतो की एक्सचेंजचं नुकसान तुमच्यामुळे झालं. त्याची साक्ष मे महिन्यात लागली तर बरं, असं स्वतःच म्हणतो, आंब्याक येवकच होया.