पिकअपचा फॅन घोंघावतोय म्हणून क्लच बदलायला निघालो होतो : माझा अनुभव

आमची पिकअप आळेफाटा ते वाशी मार्केट कांद्याच्या गोण्या घेऊन जाते आणि येताना कल्याण-भिवंडीकडनं जो मिळेल तो माल भरून माळशेज चढते, म्हणजे भरलेली गाडी घाट चढते ती परतीलाच. तिथंच आवाज सुरू झाला. बोनेटखाली पिठाची गिरणी चालू केल्यासारखा घों घों, पुढं ओतूरच्या सपाट रस्त्याला लागलो तरी थांबेना, आणि गाडी उभी करून आयडलिंगला ठेवली की त्यातच खर्र खर्र असा दुसराच बारीक आवाज.

मिस्त्री ऐकूनच म्हणाला, "शेठ, फॅन क्लच गेलाय, बदला नायतर सांगा डायरेक्ट करून टाकतो." हा क्लच गिअरचा नव्हे, तर फॅन आणि त्याची पुली यांच्यामधला, गरजेपुरता फॅन धरणारा आणि सोडणारा भाग. डायरेक्ट म्हणजे तो बोल्ट मारून जाम करायचा, मग फॅन कायम पुलीबरोबर फिरणार. हे लय जण करतात, स्वस्तात भागतं, पण मग गरज असो नसो फॅन पट्ट्यावर ओढ देत राहतो, आवाज कायमचा मागं लागतो आणि डिझेलही जास्त जातं. मी म्हटलं थांबा जरा, दोन आवाज आहेत तर बिघाडही दोन असू शकतात की.

या क्लचच्या आत सिलिकॉन ऑईल असतं आणि पुढच्या तोंडाला गोल गुंडाळलेली एक पट्टी असते. रेडिएटरमधून येणारी हवा गरम झाली की ती पट्टी आतला व्हॉल्व्ह उघडते, ऑईल आत येतं, फॅन जोरात धरला जातो. हवा गार झाली की सुटतो. रात्रभर गाडी उभी असली की ऑईल आत उतरून बसतं, म्हणून सकाळी पहिल्या स्टार्टला थोडा वेळ घोंघावणं हे नॉर्मल आहे, त्यावरनं क्लच गेला म्हणायचं नाही.

सकाळी इंजिन गार असताना, चावी काढून खिशात टाकून, फॅन हाताने फिरवला. जामही नाही, भिरभिर फिरतही नाही, थोडा अडत फिरला आणि थांबला, म्हणजे ठीक. क्लच फुटलेला असता तर त्याच्या तोंडावर ऑईलला चिकटलेल्या धुळीचे काळे ओघळ दिसले असते, ते पण नव्हते. पाती धड, फॅनच्या कव्हरला कुठं घासल्याची खूण नाही (इंजिनचं फाउंडेशन, म्हणजे ज्यावर इंजिन टेकलेलं असतं ती रबरं, खचलं की फॅन कव्हरला लागतो, ते पण बघून घेतलं). मग पातं धरून पुढं मागं हलवलं तर किंचित खेळ, म्हणजे ढिलेपणा लागला.

आता हा खेळ क्लचचा का वॉटर बॉडीचा, म्हणजे इंजिनात कूलंट फिरवणाऱ्या पंपाचा? पट्टा उतरवून इंजिन थोडा वेळच चालवलं, खर्र खर्र गायब. मग बंद करून एकेक पुली हाताने हलवून बघितली. अल्टरनेटर गुळगुळीत, पण वॉटर बॉडीची पुली चक्क डुलत होती आणि तिच्या खालच्या भोकापाशी वाळलेल्या कूलंटचा पांढरट-हिरवा थर. बेअरिंग गेलं होतं, दुसरं काय. फॅन याच शाफ्टवर असल्यामुळं हलवताना क्लच ढिला वाटतो, आणि फॅन डायरेक्ट करून फिरवला असता तर त्या बेअरिंगवर अजून ताण आला असता.

घों घोंचं कारण मात्र वेगळंच निघालं. वॉटर बॉडीसाठी फॅन काढावाच लागतो (काही गाड्यांना उलटे आटे असतात, जोर लावायच्या आधी बघा, आणि काढलेला क्लच आडवा टाकू नका, उभाच ठेवा), तर तो काढल्यावर मागनं रेडिएटरवर बॅटरी (टॉर्च) मारली. पुढं उजेडच येईना! एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत कांद्याची पापुद्र्यासारखी सालं, माती आणि मेलेले किडे यांचा पार नमदा झाला होता. हवाच जाईना म्हणून पाणी गरम, मागनं येणारी थोडीफार हवाही गरम, आणि बिचारा क्लच इमानदारीत फॅन धरून बसलेला. नवा क्लच टाकला असता तरी त्यानं तेच केलं असतं.

जाळी इंजिनच्या बाजूने पुढच्या दिशेला पाणी मारून धुवायची, तेही कमी प्रेशरने. वॉशिंगवाल्या पोराला हे सांगायला मी तिथंच उभा राहिलो, कारण ते जोरात मारतात आणि जाळीच्या पात्या वाकल्या की हवेची वाट कायमची बुजते. वॉटर बॉडी नवी, तिचं पॅकिंग नवं, कूलंट नवं, पट्टा पण लगेहात बदलला. क्लच जुनाच परत बसवला.

आता घाटात चढावर फॅन धरतो, घोंघावतो, आणि वर आलं की थोड्या वेळात आपोआप सोडतो. मिस्त्री अजून म्हणतोय, "क्लच आज ना उद्या जाणारच." जाईल तेव्हा जाईल, तोवर कांद्याचा सीझन संपला की जाळीमागं बॅटरी मारून बघायचं काम मी बारक्या भावाकडं दिलंय.