पुठ्ठ्याचा फोन

२०२० च्या एप्रिलमध्ये माझ्या फोनची चार्जिंग पिन लूज झाली आणि तेव्हापासून थेट ऑक्टोबरपर्यंत घरातली एक काडेपेटी माझ्या टेबलावर मुक्कामाला होती. म्हणजे वायर खोचायची, फोन उताणा ठेवायचा, वायरच्या मानेखाली काडेपेटी आडवी सरकवायची, मग ती किंचित वर उचलली गेली की स्क्रीनवर विजेचं चिन्ह उमटायचं आणि मग पत्त्यांच्या बंगल्यावरून हात काढावा तसा हळूच हात काढून घ्यायचा. शेजारून कोणी जरा जोरात चाललं तरी चिन्ह गायब. संध्याकाळी आई दिवा लावायला आली की "काडेपेटी कुठंय रे?" आणि आतून मी, "थांब, अठ्ठावीस टक्केच झालंय!" शेवटी वैतागून तिनंच दुसरी आणवली, पहिली माझ्या नावावर झाली.

बुधवार पेठेतली मोबाईलची दुकानं बंद, रिपेअरवाला गावी गेलेला. म्हटलं बरंच झालं, नाहीतरी नवा घ्यायचाच आहे आणि कुठला घ्यायचा तेही ठरलंय, गूगलचा पिक्सेल ४ए. महिन्याभरात येईलच, तोवर काढू काडेपेटीवर.

तर हे "महिन्याभरात" कुठून आलं? गूगलची दरवर्षी मे महिन्यात मोठी परिषद असते, आदल्या वर्षी पिक्सेल ३ए तिथेच आला होता, म्हणजे हाही मे मध्ये येणार असा सगळ्या जगाचा हिशोब. परिषद करोनात रद्द झाली. मग म्हणे जूनमध्ये. मग जुलै. गंमत म्हणजे फोनबद्दल गुपित असं काहीच उरलं नव्हतं, मार्चमध्येच क्युबातल्या एका यूट्यूबरनं तो हातात घेऊन आख्खा व्हिडिओ टाकला होता, स्पॅनिशमध्ये. मला स्पॅनिशचं एक अक्षर कळत नाही. तो व्हिडिओ मी चार वेळा बघितला.

आणि आम्हाला पिक्सेलची वाट बघायची सवय होतीच म्हणा. त्याआधीचा पिक्सेल ४ भारतात आलाच नाही, कारण त्यात हाताच्या हालचाली ओळखणारं रडार होतं आणि ते ज्या ६० गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं तो आपल्याकडे तशा वापराला खुला नव्हता. फोनवरून हात हलवून गाणं बदलायची सोय, आणि त्यापायी आख्खा देश वगळला. ४ए मध्ये असलं काही नव्हतं, म्हणूनच तर जीव जडला. मागे एकच कॅमेरा, १२.२ मेगापिक्सेलचा. साधी प्लास्टिकची पाठ. पावणेसहा इंचांच्या जरा वर स्क्रीन, म्हणजे त्या काळच्या मानानं बारकाच. आणि वर कडेला इअरफोनचं भोक! वर्क फ्रॉम होममध्ये दिवसाला सहा मीटिंगा करणाऱ्याला त्या भोकाची किंमत विचारा, एका बाजूला चार्जिंग, एका बाजूला इअरफोन, कोणी कोणाच्या मध्ये येत नाही.

शेवटी ३ ऑगस्टला जाहीर झाला. किंमत ३४९ डॉलर, मी लगेच पंचाहत्तरनं गुणलं, सव्वीस हजार, वा. आणि खाली एक ओळ, की भारतात ऑक्टोबरमध्ये.

ऑक्टोबर!

त्या रात्री मी वेड्यासारखं एक काम केलं. फोनची मापं १४४ बाय ६९.४ मिलिमीटर, ती पट्टीनं घेऊन साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, कोपरे कात्रीनं गोल केले, कॅमेऱ्याच्या जागी पेननं चौकोन काढला आणि खिशात घालून बघितला. मस्त बसत होता. मग वजन, १४३ ग्रॅम. लॉकडाऊनमध्ये सगळ्यांनी केक केले तसे आमच्याकडेही झाले होते, त्यासाठी आणलेला वजनकाटा होता, त्यावर १४३ ग्रॅम शेंगदाणे मोजले, पिशवीत बांधले आणि खालच्या गेटपर्यंत फिरून आलो. बायको गॅलरीतून बघत होती. काही बोलली नाही, दुसऱ्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीला कूट कमी पडलं तेव्हा बोलली.

या सगळ्यात माझा भाचा म्हणजे रोजची परीक्षा. इंजिनिअरिंगला आहे, फोनमधलं कळतं, निदान कळतं असं तो आणि माझी बहीण दोघंही मानतात. जुलैत वनप्लस नॉर्ड आला, पुण्यात तेव्हा पुन्हा दहा दिवसांचं कडक लॉकडाऊन लागलेलं, त्यामुळे त्याला दुसरा उद्योगच नव्हता. "मामा, नॉर्ड घे ना. मागे चार कॅमेरे, पुढे दोन, फाईव्ह जी, नव्वद हर्ट्झ. सत्तावीस हजार नऊशे नव्व्याण्णव."

"आपल्याकडे फाईव्ह जी कुठंय?"

"येईल ना!"

म्हणजे मी ऑक्टोबरची वाट बघतोय तर मी खुळा, आणि हा कधी येणार माहीत नसलेल्या फाईव्ह जीचे पैसे आत्ता भरायला सांगतोय तो शहाणा. पण खरं सांगतो, नॉर्डनं मला दोन रात्री झोपू दिलं नाही. कार्टमध्ये टाकला, काढला, परत टाकला. बॅटरी ४११५, आमच्या पिक्सेलची ३१४०, आणि हा आकडा मी स्वतःशीच जरा हळू आवाजात म्हणायचो, जसं स्थळ सांगताना मुलाची उंची सांगतात. वाचवलं ते इअरफोनच्या भोकानं. नॉर्डला ते नव्हतं.

आयफोन एसईचाही विचार झाला, हो. बारका होता, हलका होता, ४२,५०० चा होता. इथेच तो विचार संपला. सप्टेंबरमध्ये सॅमसंगचा एम ५१ आला, ७००० ची बॅटरी, वजन २१३ ग्रॅम. काट्यावर मोजायला गेलो तर बायकोनं शेंगदाण्याचा डबा वरच्या फळीवर ठेवलेला.

भाचा म्हणायचा मामा तू हट्टी आहेस. असेन. पण त्या वर्षी दुसरं कशाची वाट बघणार होतो मी? मावसभावाचं लग्न मे मधून बेमुदत पुढे गेलेलं, ऑफिस कधी उघडणार तर मेल यायचा की पुढील सूचनेपर्यंत, पोराची शाळा त्या चौकोनी खिडक्यांमध्ये, वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, डॉक्टर म्हणाले घाई नाही, बघू. सगळंच "बघू". आणि त्या सगळ्यात ही एकच गोष्ट होती जिच्यापुढे निदान एका महिन्याचं नाव लिहिलेलं होतं. ती पुढे ढकलली गेली तर मला मनापासून चिडता तरी यायचं. लग्न पुढे गेलं म्हणून कोणावर चिडणार?

आईनं मात्र वेगळाच फाटा काढला. सप्टेंबर लागला तशी ती कालनिर्णयपाशी उभी राहून म्हणाली, "आता पितृपक्ष आहे, आता काही घेऊ नकोस." म्हटलं अगं मिळतच नाहीये. "मग बरंय." पितृपक्ष १७ तारखेला संपला. एरवी दुसऱ्या दिवशी घट बसतात, पण त्या वर्षी मध्ये अधिक आश्विन घुसलेला, म्हणजे नवरात्रसुद्धा महिनाभर पुढे! मला एकदम बरं वाटलं. गूगलचं सोडा, खुद्द देवीचं लाँच पोस्टपोन झालं होतं.

अधिकाचा म्हणजे धोंड्याचा महिना, सासुरवाडीत जावयाचा मान. साताऱ्याला जायची सोय नव्हती. सासूबाईंचा फोन आला, "जावईबापू, अनारसे काही पाठवता येत नाहीत, कुरिअरवाला त्याचा चुरा करील. तुमच्या त्या मोबाईलला आमचं वाण समजा." आणि गूगल पेवर टुणकन ३,३०० रुपये. तेहतीस अनारशांचे तेहतीसशे. हा हिशोब त्यांचा त्यांनीच लावलेला, मला आजही फार आवडतो.

मग किंमत आली, ३१,९९९, सेलमध्ये २९,९९९. माझं सव्वीस हजारांचं स्वप्न तिथेच ओसरीवर राहिलं (मोबाईलवरचा जीएसटी एप्रिलपासूनच बारावरून अठरा टक्के झालेला, ते मी गुणाकारात सोयीस्कर विसरलो होतो). आणि तारीख? १६ ऑक्टोबर. मी कालनिर्णयकडे बघितलं, माझ्याआधी आई बघून आली होती.

"अमावास्या आहे."

"माहितीये."

"अधिकातली अमावास्या. उद्या घट बसतायत रे, एक दिवस थांब. नाहीतर सरळ दसऱ्याला घे, साडेतीन मुहूर्तातला."

आता हिला काय सांगू की सेलमधला माल घटस्थापनेपर्यंत थांबत नसतो. मी काडेपेटीवर फोन टेकवून, सत्याहत्तर टक्के असताना, अमावास्येला ऑर्डर केला. आईला सांगितलं नुसती ऑर्डर आहे, घरात येईल तेव्हा नवरात्र असेल, म्हणजे खरी खरेदी तेव्हाच. तिला पटलं असं वाटत नाही, पण तिनं मुद्दा सोडून दिला.

आता येईल मग येईल करत आख्खं नवरात्र गेलं. पार्सल कुठल्यातरी गोदामात बसलेलं, मॅपवरचा ठिपका हलायला तयार नाही. दसऱ्याच्या सकाळी आईनं पाट मांडला, त्यावर विळी, वडिलांचा पाना-पक्कड, माझा लॅपटॉप, पोराची पाटी नव्हती म्हणून त्याचा टॅब. झेंडूची फुलं वाहिली. मी आंघोळ करून आलो आणि बघतो तर लॅपटॉपशेजारी माझा पुठ्ठा. साबणाच्या खोक्याचा, गोल कोपऱ्यांचा, पेननं काढलेल्या कॅमेऱ्याचा. त्यावर हळद, कुंकू, अक्षता.

"अगं हे काय?"

"मग काय करू, तो येतोय कुठे? मुहूर्त कशाला घालवायचा?"

फोन सोमवारी दुपारी आला. खोका सॅनिटायझरनं पुसला, दोन तास खिडकीत ठेवला, मग उघडला. काळा, बारका, अगदी हलका. पुठ्ठा त्यावर ठेवून बघितला, लांबी रुंदी बरोब्बर, फक्त माझा कॅमेऱ्याचा चौकोन जरा मोठा झाला होता. पुठ्ठा चुरगाळून डस्टबिनकडे निघालो तेवढ्यात आई ओट्यापाशी होती ती म्हणाली, "तो टाकू नकोस हं. पूजा त्याची झालीये."

म्हणून सरळ करून, घडी घालून, कव्हरच्या आत फोनच्या पाठीमागे ठेवलाय. काडेपेटी ओट्यावर परत गेली, अर्धीच भरलेली होती.