फुटाला दीड सूत

गेल्या श्रावणात आई, म्हणजे माझ्या सासूबाई, बाथरूममध्ये घसरल्या. उजवं मनगट मोडलं आणि सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. वय ७९. भेटायला येणारा प्रत्येक जण फरशीला दोष देत होता. गुळगुळीत पांढरी फरशी, म्हाताऱ्या माणसाला कशी चालेल? ते खरंच होतं. पण मला आठवत होतं ते दाराशी साचणारं पाणी. आमचा साताऱ्यातला फ्लॅट १९९६ सालचा, पहिल्या मजल्यावरचा. तेव्हापासून रोज अंघोळ झाली की वायपर घेऊन ते पाणी नहाणी ट्रॅपपर्यंत, म्हणजे पाणी बाहेर जाण्याच्या जाळीपर्यंत, ओढत न्यायचं, ही घरातल्या प्रत्येकाची सवय. त्या दिवशी आईंनी ओढलं नव्हतं, एवढंच.

आधी एका ठेकेदाराला बोलावलं. तो म्हणाला, फरशीवरच फरशी चिकटवू, दोन दिवसांत काम होईल, तोडफोड नको. मोह झाला होता. पण खालच्या काकूंच्या छताला दोन पावसाळे ओल येत होती आणि जुन्या फरशीवर नवी बसवून ती थांबणार नव्हती. ढाळ, म्हणजे फरशीचा उतारही तोच चुकीचा राहिला असता. शेवटी वाईकडच्या एका मिस्त्रींना काम दिलं. त्यांनी आल्या आल्या बादलीभर पाणी मागवलं, ओतलं आणि काही न बोलता बघत बसले. पाणी ट्रॅपकडे निघालं, मध्येच थबकलं आणि अर्धं दाराकडे वळलं. "ताई, ह्यावर काही लावून उपयोग नाही. मुळापासून काढू."

फरशी निघाली तेव्हा खालचा विटांच्या तुकड्यांचा भराव काळा आणि ओला निघाला. दोन दिवस बाथरूम कोरडं होतं, तरी तो हाताला गार लागत होता. ट्रॅपच्या गळ्याशी सांधा फुटलेला होता. इतकी वर्षं थोडं थोडं पाणी तिथून उतरत होतं. राबिट पोत्यांत भरून खाली नेलं तेव्हा काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

स्लॅब स्वच्छ झाल्यावर भिंतीच्या कडेने सिमेंटची गोलाई दिली आणि वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारले, भिंतीवर साधारण वीतभर वर चढवून. ते सुकल्यावर ट्रॅपचं तोंड फडकं आणि प्लास्टिकची पिशवी कोंबून बंद केलं, चार बोटं पाणी भरलं आणि पाण्याच्या रेषेवर मी भिंतीला पेन्सिलने खूण केली. ४८ तास ठेवलं. काकू दर दोन-तीन तासांनी जिन्यातून ओरडून सांगायच्या, "कोरडं आहे गं!" तुम्ही कोणी हे काम काढणार असाल तर ह्या दोन दिवसांची घाई करू नका. फरशी बसल्यावर गळती कळली तर सगळं पुन्हा फोडावं लागतं.

मग आला ढाळ. त्यावर आमची खरी बोलाचाली झाली. मिस्त्री म्हणाले, फुटाला एक सूत पुरतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी दोन सूत मागत होते, कारण मला पाण्याचा एक थेंबही दाराशी नको होता. त्यांनी मला खाली बसवून दाखवलं. दारापासून ट्रॅप सहा फूट. फुटाला दोन सूत म्हणजे एकूण दीड इंच. ट्रॅपमधून बाहेर जाणाऱ्या पाइपचं भोक भिंतीत ठरलेलं, त्यामुळे ट्रॅप खाली जात नाही. म्हणजे दाराकडची बाजू वर चढवायची, मग उंबऱ्याची पट्टीही चढणार. आणि आईंना पाऊल उचलायला त्रास. शिवाय जास्त उतारावर प्लास्टिकचं स्टूल डुगडुगतं, तेही त्यांनीच सांगितलं. शेवटी दीड सुतावर आलो. सहा फुटांत एक इंच एक सूत. पट्टी अर्ध्या इंचाच्या वर गेली नाही.

नुसत्या वरच्या फरशीला नव्हे, खालच्या कोब्यालाही, म्हणजे सिमेंटच्या थरालाही, तोच उतार दिला, कारण सांध्यातून जे पाणी झिरपेल त्यालाही ट्रॅपची वाट सापडली पाहिजे.

फरशी निवडायला मी पाण्याची बाटली घेऊन गेले होते. कोरड्या टाइलवर बोट फिरवून काही कळत नाही. पाणी टाकून, साबणाचा थेंब चोळून, घरातली रबरी चप्पल त्यावर दाबून बघितली. बारा बाय बारा इंचांची मॅट फिनिशची घेतली. मोठी फरशी दिसायला छान, पण लहान बाथरूममध्ये ढाळ देताना तिच्या कडा उचलल्या जातात. लहान फरशी उताराबरोबर वळते, आणि सांधे जास्त असले की पायालाही धर मिळतो. रंग राखाडी, भिंती फिक्या पिवळसर. आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. पांढऱ्या फरशीवर पांढरी भिंत असली की कोपरा कुठे संपतो ते त्यांना दिसत नसे. माझ्या माहेरी मोरीला शहाबादी फरशी होती, हाताला खरबरीत. बंबातलं कढत पाणी सांडलं तरी तिच्यावर कोणी घसरलेलं मला आठवत नाही.

बसवताना मिस्त्रींनी फरशी चिकटवायचं केमिकल दातेरी थापीने पूर्ण पसरलं. चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून फरशी दाबली की मध्ये पोकळी राहते आणि पुढे तिथेच ती तडकते. दुसऱ्या दिवशी त्यांनी रुपयाच्या नाण्याने एकेक फरशी वाजवली. भरीव फरशी 'टक्' वाजते, पोकळ फरशीचा आवाज खोल, मडक्यासारखा. ट्रॅपजवळच्या दोन तशा वाजल्या. मी काही म्हणायच्या आत त्यांनी छिन्नी घेतली आणि दोन्ही उचलल्या. सांध्यांत साध्या सिमेंटऐवजी इपॉक्सी, म्हणजे राळेसारखं घट्ट होणारं मिश्रण, भरलं. महाग पडलं, पण ते पाणी पीत नाही आणि सहजी काळं पडत नाही.

काम अकरा दिवस चाललं. बाराव्या दिवशी सकाळी आई अंघोळीला गेल्या आणि मी दाराबाहेर उभी राहिले. आतून आवाज आला, "अगं, वायपर कुठे ठेवलास?" मी म्हटलं, "आई, नुसत्या बाहेर या." त्या भिंतीवरच्या दांडीला धरून सावकाश बाहेर आल्या. दाराशी पाणी नव्हतं. त्यांची पूजा आटोपेपर्यंत फरशी वाळली होती.

पाच फरश्या उरल्यात. खोक्यावर शेड नंबर आणि तारीख मोठ्या अक्षरांत लिहून खोका माळ्यावर ठेवलाय.