रविवार, बुलेट आणि एक गंजलेला बोल्ट

सायलेन्सर बदलायला अर्धा तास लागतो म्हणे. सकाळी नऊला पार्किंगमध्ये पोतं अंथरून बसलो. २०१४ ची क्लासिक ३५०, कार्ब्युरेटरवाली. ब्रॅकेटचा बोल्ट मुकाट सुटला, पण इंजिनातून येणाऱ्या बेंड पाइपवरचा क्लॅम्प गंजून पाइपशी एकजीव झालेला. रॉकेल सोडलं, हातोडीनं टकटक केलं, शेवटी पाना सटकून उजव्या हाताची दोन बोटं सोलली.

बाराला नवा बसला. किक मारली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची खिडकी उघडली. काही बोलल्या नाहीत, नुसतं बघितलं. तेच जास्त लागलं.

कोपऱ्यापर्यंत चक्कर मारली. थ्रॉटल सोडला की फटाफट फटाके. जोडातून हवा आत जात होती, फट बुजवणारी रिंग, म्हणजे गॅस्केट, विसरलो होतो. शिवाय नव्याच्या आत आवाज दाबणारी जाळी नाहीच, सरळ नळी! मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड, वर तीन महिने लायसन्स जाणार.

बाबा चहा घेऊन खाली आले. "जुना फेकला नाहीस ना रे?"

चारला जुनाच परत बसवला. या वेळी क्लॅम्पला ग्रीस लावलं. नवा माळ्यावर आहे, कुणाला शोपीस हवा असेल तर सांगा.