सभासदाची साखर

दुपारी चारला बिस्किटाचा पुडा उलटा धरून मागची बारीक अक्षरं वाचत होतो. चष्मा पुरेना, म्हणून मोबाईलची बॅटरी मारली. साखर. दोन शब्द सोडून इन्व्हर्ट सिरप. आणखी पुढे लिक्विड ग्लुकोज. एकच पाहुणा तीन नावं सांगून तीन पंगतींना जेवून जावा, तसं. पुडा डब्यात परत ठेवला. मधल्यामध्ये एक बिस्कीट कमी झालं, ते सोडा.

साखर बंद करून आज एकोणीस दिवस झाले. वजन 84 किलो 600 ग्रॅमवरून 84 किलो 200 वर आलंय, तेही काटा बाथरूमसमोरच्या फरशीवर ठेवला तर. हॉलमध्ये नेला की पुन्हा 600. तसाही आमच्या घरात काट्यावर भरवसा ठेवायची पद्धत नाही. आप्पा कारखान्याला ऊस घालून आले की पावती खिशातून काढायच्या आधीच म्हणायचे, "काटा मारलाय." गाडी भरतानाच त्यांच्या डोक्यात वजन झालेलं असायचं. "दोन टनाच्या खाली येतच न्हाई ती." आई भाकरी थापता थापता नुसतं "हं" करायची. त्यांचा काटा कमी दाखवायचा, माझा जास्त दाखवतो, एवढाच काय तो फरक.

उताऱ्यावर मात्र आप्पांचं बारीक लक्ष. बारा टक्के पडला की खूश, म्हणजे टनाला 120 किलो साखर. माझा उतारा एकोणीस दिवसांत 400 ग्रॅम. या हिशेबाने गाळप हंगाम बराच लांबणार.

दिवाळीच्या तोंडावर सभासदाची साखर यायची. कारखान्यात शेअर होता, कार्ड होतं, सवलतीचा दर होता. आप्पा रांगेत उभे राहायचे आणि पोतं सायकलच्या कॅरिअरवर टाकून चालत आणायचे. पोत्याचं तोंड जाड सुती दोऱ्यानं शिवलेलं असे. त्याचं एक टोक खरं आणि एक खोटं. खरं सापडलं तर एका ओढीत सरसरसर अख्खी शिवण सुटायची. खोटं धरलं तर गाठ बसायची, मग विळी आणा. तो मान माझा होता आणि मी दरवर्षी खोटंच टोक धरायचो. आई दोरा बोटांना गुंडाळून गजऱ्यांसाठी ठेवून द्यायची. पहिली मूठ तिथेच तोंडात. संध्याकाळी गरम पोळीवर तूप, तुपावर साखर, पोळीची सुरळी. दाण्यांचा दाताखाली आवाज यायचा. तो आवाज हल्ली कशातच येत नाही.

दिवसाला साखर 25 ग्रॅमपर्यंत आणलेली बरी, म्हणजे साधारण सहा चमचे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे वाचल्यावर उगाच हिशेब मांडला. पन्नास किलोचं पोतं संक्रांतीपर्यंत तळाला जायचं. घरात सात माणसं. माणशी दिवसाला नव्वद ग्रॅमच्या आसपास पडतात. पाहुण्यांचा चहा धरून, आणि पाहुणे काही कमी नव्हते.

"मग गूळ खा की," असं दिवसातून कोणीतरी सांगतंच. उसाच्या पट्टीवर, म्हणजे उसाच्या पैशांवर शिकलेल्या माणसाला हे सांगू नये. गूळ काय आंब्याचा करतात?

काल दादाचा फोन होता. साखर आलीय, पण कार्ड आता तुझ्या नावावर आहे, सही तुझी लागते. नको म्हणायला तोंड उघडलं आणि "रविवारी येतो" म्हणालो.

आप्पांना साखर निघाली तेव्हा ते साठीचे होते. चहा बिनसाखरेचा झाला, पोळीबरोबर दूध आलं, तरी दिवाळीला रांगेत तेच. "शेअर माझा हाय." शेवटच्या वर्षी डाव्या पायाचा अंगठा काढावा लागला, म्हणून दादा गेला पोतं आणायला. मी पोत्यापाशी बसून दोरा चाचपत होतो. पाय उशीवर ठेवून आप्पा पलंगावरून बघत होते.

"ते न्हवं," म्हणाले. "उजवीकडचं वढ."