सेलेनियमने माझा हायपो पकडून दिला

तांदूळ निवडत बसलेल्या आजीचा एक फोटो आहे माझ्याकडे, पांढरी नऊवारी आणि मागे अंधारलेलं माजघर. त्याची डार्करूममध्ये फायबर पेपरवर (प्लॅस्टिकचा थर नसलेला फोटोचा कागद) इतकी झकास प्रिंट निघाली की ओली असतानाच मोबाईलवर तिघांना पाठवली. आता फक्त सेलेनियम टोनर (प्रिंटचा रंग बदलणारं, काळा खोल करणारं रसायन) करू म्हणून ट्रेत टाकली, तीन-चार मिनिटांत माजघराचा काळा मस्त भरीव झाला आणि त्याच वेळी आजीच्या पदरावर चहा सांडल्यासारखा पिवळा डाग पसरायला लागला.

आधी टोनरला शिव्या घातल्या. पण चूक माझी होती, हायपो, म्हणजे प्रिंट पक्की करणारं फिक्सरचं द्रावण, आठवडाभराचा होता आणि काटकसर म्हणून मी त्यातच प्रिंटवर प्रिंट काढत होतो. दमलेल्या हायपोने कागदातली न वापरलेली चांदीची क्षारं नीट निघत नाहीत, डोळ्याला प्रिंट स्वच्छ दिसते पण सेलेनियम त्या उरलेल्यांना बरोबर शोधतं. टोन नसती केली तर हाच डाग कधीतरी नंतर आपोआप आला असता, एवढंच.

तेव्हापासून हायपोचे दोन ट्रे ठेवतो. पहिल्यात निम्मा वेळ, दुसऱ्यात निम्मा, आणि पहिला दमला की दुसरा त्याच्या जागी. जास्त वेळ बुडवून ठेवणं हा उपाय नाही हां, कारण फायबर पेपर हायपो पिऊन बसतो आणि मग तो धुवून काढताना जीव जातो. राहिलेला हायपो पुढे चांदीलाच खातो, आत्याच्या लग्नाच्या अल्बममधले फोटो असेच पिवळट तपकिरी झालेत, आणि काहींच्या कडेला आरशासारखी चकाकी आलीय ती मात्र हवेमुळे, चांदी हळूहळू वर येऊन बसते.

धुण्याचं म्हणाल तर आमच्याकडे पाणी सकाळी दीड तास, त्यामुळे नळ सोडून तासभर प्रिंट धुणं विसरा. आधी दोन मिनिटं खळबळून घेतो, मग हायपो लवकर सुटावा म्हणून लिटरला साधारण वीस ग्रॅम सोडियम सल्फाइट घातलेल्या पाण्यात दहा मिनिटं, आणि मग बादलीत प्रिंट सुट्या सोडून दर पाच मिनिटांनी सगळं पाणी ओतून नवीन. कागदाच्या आतून हायपो बाहेर यायला वेळ लागतो, धार कितीही जोरात सोडली तरी.

रंगाचं सांगायचं तर सेलेनियमचा रंग पेपरवर ठरतो. वॉर्मटोन (मुळातच उबदार छटेच्या) पेपरवर जांभळट तपकिरी येतं, साध्या न्यूट्रलवर रंग जवळजवळ बदलत नाही, फक्त काळा आणखी खोल होतो. ते सावल्यांपासून सुरू होतं. सेपिया (तपकिरी टोन) उलटा, त्यात प्रिंट आधी ब्लीच करून फिकी करतात आणि ब्लीचमध्ये आधी उजळ भाग जातात, म्हणून ब्लीच अर्धवट ठेवून सेपिया आणि मग सेलेनियम केलं की पदर उबदार आणि माजघर थंड राहतं, मला हेच सगळ्यात आवडतं. (सोडियम सल्फाइडचा सेपिया एकदाच घरात केला, आई विचारत होती अंडी कुठे सडलीत. आता थायोयुरिया वापरतो, वास नाही आणि कॉस्टिक सोडा कमीजास्त करून तपकिरी पिवळट हवा की गडद ते ठरवता येतं.) सेलेनियम विषारी आहे, ग्लोव्ह्ज आणि उघडी खिडकी हवीच.

आणि आता टोनरआधी एक टेस्ट. धुतलेल्या प्रिंटच्या पांढऱ्या कडेवरचं पाणी टिपून त्यावर एकास नऊ (एक भाग टोनर, नऊ भाग पाणी) सेलेनियमचा एक थेंब, दोन-तीन मिनिटांनी पुसायचा. फिकट क्रीमपेक्षा गडद डाग दिसला तर परत ताज्या हायपोत आणि सगळं धुणं पहिल्यापासून. काल आजीची नवीन प्रिंट काढली, थेंब टाकला आणि घड्याळाकडे बघत बसलो. पुसला तर कड कोरी होती.