मृगाची सुट्टी आणि आमचं पेरणी यंत्र

लातूरच्या एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. ट्रॅक्टरची पेरणी यंत्रं, वखर, शिवाय सटरफटर दुरुस्ती. वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या काळात अण्णा सांगतील तसं कापायचं, जोडायचं, रंग मारायचा. उधारीच्या लोखंडावर धंदा उभा करायचा तर हिशेब एकाच डोक्यात असलेला बरा, त्यात वावगं काही नव्हतं. फक्त अण्णा माल आणायला जालन्याला गेले की इकडं काम थंडावायचं. भाच्यानं एमबीए करताना मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९३९चा अभ्यास सांगितला: हुकमावर चालणारे मुलांचे गट प्रमुख बाहेर गेला की ढिले पडायचे. आमचे फोरमन म्हणाले, "हे साहेब लातूरला कधी येऊन गेले?"

धंदा माझ्याकडं आला तेव्हा सोयाबीनचा पेरा वाढला होता आणि तक्रारीही. सोयाबीनच्या बियाचं टरफल नाजूक, यंत्रात दाणा घासला की उगवण घटते. वाफसा नसताना पेरलं तर काळ्या रानाचा चिखल चाकाला चिकटतो, चाक घसरतं. त्याच चाकाच्या फिरण्यावर बियाणं पडायचं असल्यानं मग ओळीत नांग्या, म्हणजे मोकळ्या जागा, पडतात. हे सगळं ऑफिसात मी ऐकायचो. यंत्र बांधणाऱ्यांपर्यंत ते पोचतच नव्हतं.

पोरं मात्र सगळी शेतकऱ्यांचीच. मृग लागला की निम्मं वर्कशॉप गावी, आणि त्यावरून दरवर्षी कुरबूर. शेवटी सांगितलं, सुट्टी घ्या, पण जाताना यंत्र न्या, आपल्या रानात चालवा, आल्यावर खटकलं ते बदला. विचारायला येऊ नका, भंगारातलं लोखंड वापरा.

पहिल्या हंगामात कुणी हातच लावला नाही. एका वेल्डरनं तोंडावर कारण सांगितलं: "दादा, पैसे नगावर देता. प्रयोगात दिवस गेला तर आमचा रोज बुडतो." तेव्हापासून प्रयोगाचे तास हजेरीत धरतो, जमलं नाही तरी. कामगारांच्या सक्षमीकरणावरची व्याख्यानं मीही ऐकली आहेत. नगावर राबणाऱ्याला नुसती मोकळीक देणं म्हणजे त्याच्या खिशातून प्रयोग करणं, हे तिथं कुणी बोलत नाही.

त्याच वेल्डरनं चाकापाशी एक पट्टी बसवली, चाक फिरताना चिखल खरवडून निघतो. दुसऱ्यानं खताच्या नळीला वाक दिला, ती चोंदली. परभणीचं कृषी विद्यापीठ ज्याचा आग्रह धरतं ते रुंद वरंबा-सरीचं बीबीएफ यंत्र करायला घेतलं तेव्हा नकाशा मी आणला. फाळ ट्रॅक्टरच्या चाकांप्रमाणं सरकवता यावेत म्हणून क्लँप बसवायचं पोरांनी ठरवलं.

दोन गोष्टी माझ्याकडंच आहेत. रानात चालवून पाहिल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या यंत्रात बदल नाही, आणि ग्राइंडरचं गार्ड काढायचं नाही. तिथं मी अण्णांचाच मुलगा.

सध्या घोडं अडलंय सोयाबीन-तुरीच्या आंतरपिकावर. दोन्ही दाण्यांचा आकार वेगळा. एक म्हणतो पेटीत पडदा घालू, दुसरा म्हणतो पेट्याच वेगळ्या हव्यात. दोघांची यंत्रं अर्धवट उभी आहेत. येत्या मृगाला दोन्ही रानात जातील.